चार दात काढायचे की एकही नाही? तेरा वर्षांच्या मुलीच्या पुढे आलेल्या दातांबद्दल

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. वरचे पुढचे दात बरेच पुढे आलेत आणि दोन्ही सुळे वर हिरडीपाशी चढून बसलेत. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चार दात काढून क्लिपा लावाव्या लागतील, पावणेदोन-दोन वर्षं जातील. पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये तोंडात छोटा कॅमेरा फिरवून लगेच स्क्रीनवर दात सरळ झालेले दाखवले. म्हणाले, एकही दात न काढता अलायनरनं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे घालून, सहा महिन्यांत काम होईल. सासूबाई म्हणतात, वरचा दात काढला की डोळ्यावर परिणाम होतो. नव्या तंत्रानं दात काढणं खरंच टळतं का? शिवाय माझं वय ४१. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याच पुढच्या दातांत फट पडायला लागलीय. माझं काही करता येईल का?

उत्तर : ताई, क्लिपा की अलायनर हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो शेवटी सोडवायचा असतो आणि बऱ्याचदा तोवर आपोआप सुटलेला असतो. आधी बघायचं ते हे, की मुलीच्या वरच्या जबड्यात जागा किती मिलिमीटर कमी पडतेय आणि तिची वाढ किती शिल्लक आहे. या दोन गोष्टी मोजायच्या आधीच ‘काढावे लागतील’ किंवा ‘काढायची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल, तर तो अंदाज आहे. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे निकाल इथून देणार नाही. पण हा हिशेब आम्ही कसा करतो ते सांगते, म्हणजे दोन्हीकडे काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

वरचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. त्याच्या शेजारचे दात तोवर येऊन बसलेले असतात. भरलेल्या एसटीत शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्याची जी गत, तीच सुळ्याची. जागा उरली नसेल तर तो बाहेरच्या बाजूनं, वरच अडकून राहतो. सुळ्याची रुंदी साधारण साडेसात-आठ मिमी. समजा त्याच्यासाठी पाचच मिमी फट उरलीय, म्हणजे एका बाजूला जवळपास ३ आणि दोन्ही मिळून ६ मिमी जागा कमी. हा झाला अर्धा हिशेब. पुढे आलेले दात आत घ्यायचे, तर त्यालाही जागाच लागते. पुढचे दात १ मिमी आत न्यायचे तर कमानीत २ मिमी लागतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ४ मिमी आत घ्यायचे म्हणजे ८. सहा नि आठ चौदा. एक उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधला दात, साधारण ७ मिमी रुंद असते. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढली की बरोबर चौदा मिळतात. आकडे मी धरून चाललेय, पण कराडच्या डॉक्टरांच्या डोक्यात असंच काहीतरी गणित असणार.

आमच्याकडे एक ढोबळ आडाखा आहे. एकूण कमतरता ४ मिमीच्या आत असेल तर दात काढायची वेळ क्वचितच येते. १० मिमीच्या पुढे गेली की ते टाळणं फार अवघड. मधल्या ५ ते ९ च्या पट्ट्यात मात्र दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. म्हणून दोघांनाही पहिला प्रश्न हा विचारा : ‘जागा किती मिमी कमी आहे आणि ती तुम्ही कुठून आणणार?’

दात न काढता जागा आणायच्या वाटा चार. दातांच्या मधल्या कडा किंचित घासायच्या : एका सांध्यात जास्तीत जास्त अर्धा मिमी मिळतो, सगळे पुढचे सांधे घासले तरी अडीच-तीन मिमी. कमान रुंद करायची : जबडा मुळात अरुंद असेल तरच ते टिकतं. दाढा मागे सरकवायच्या : आता हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूच्या आधारानं हे होतं, पण एका बाजूला दोन-तीन मिमीच्या पुढे फारशी आशा धरू नये. आणि चौथी, सगळ्यात सोपी वाट म्हणजे पुढचे दात आणखी पुढे फाकवायचे. यात दात एका ओळीत येतात, सुळे खाली बसतात, स्क्रीनवर सगळं सुरेख दिसतं. पण पुण्यात स्क्रीनवर तुम्हाला दात दिसले, ओठ दिसले का? मुलीचे दात आधीच पुढे आहेत. ते आणखी पुढे गेले तर दात सरळ आणि तोंड पुढे, अशी अवस्था होते. मग दोन वर्षांनी तीच मुलगी ‘दात अजून बाहेरच दिसतात’ म्हणत येते.

घरच्या घरी एक बघा. ती टीव्ही बघत असताना किंवा अभ्यास करताना, तिला न सांगता, तिचे ओठ मिटलेले असतात का? आणि मुद्दाम ‘ओठ मीट’ म्हटल्यावर हनुवटीची कातडी आखडते का, तिच्यावर बारीक खळगे उठतात का? उठत असतील तर ओठ मिटायला हनुवटीच्या स्नायूला जोर लावावा लागतोय. अशा चेहऱ्यात दात आत घेण्याला मोल आहे. ओठ सहज मिटत असतील, चेहरा सपाट किंवा नाक-हनुवटी ठसठशीत असेल, तर उपदाढा काढताना मी दहा वेळा विचार करीन.

ही भांडणं आजची नाहीत. दात कसे जुळलेत याची जी वर्गवारी आम्ही अजून वापरतो ती अमेरिकेतल्या एडवर्ड अँगलनं १८९९ मध्ये मांडली : वरची पहिली कायमची दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठे बसते त्यावरून तीन वर्ग. या अँगलसाहेबांचा दात काढायला सक्त विरोध होता, सगळेच्या सगळे दात कमानीत बसलेच पाहिजेत असा हट्ट. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड यानं पुढे आपलेच रुग्ण तपासले, तेव्हा अनेकांचे दात परत पुढे आलेले, तोंडं फुगलेली दिसली. त्यानं त्यांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते सगळे रुग्ण व्यवसायबंधूंसमोर ठेवले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला, सरसकट दात काढले जाऊ लागले. आता तो मधे कुठेतरी आहे. त्यामुळे ‘आम्ही कधीच दात काढत नाही’ ही पाटी जितकी संशयास्पद, तितकंच ‘क्लिपा म्हणजे चार दात काढायचेच’ हेही.

चारच का, वरचे दोनच का नाहीत, हेही विचारा. खालचे दात नीट असतील आणि दाढांची बसण योग्य तशी असेल, तर वरचे दोनच काढून भागतं. ते खालच्या दातांच्या गर्दीवर आणि बाजूनं काढलेल्या डोक्याच्या एक्सरेवर ठरतं.

आता वाढीबद्दल. पुष्कळदा वरचे दात पुढे आलेले नसतातच, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. आईला दिसतात ते वरचे दात. अशा मुलांना वाढीच्या ऐन वयात काढता-घालता येणारी दोन प्लेटांची एक यंत्रणा देतात, ट्विन ब्लॉक म्हणतात तिला. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्कनं ती आणली. खालचा जबडा पुढे धरून ठेवते, मिळणारा फायदा थोडा जबड्याचा आणि बराचसा दातांचा असतो, पण चेहऱ्यात फरक दिसतो. मुलींची वाढीची उसळी पाळी सुरू व्हायच्या आधी साधारण वर्षभर सर्वांत जोरात असते. म्हणून तुम्हाला डॉक्टरांनी ‘हिची पाळी सुरू झाली का, कधी?’ असं विचारलं तर संकोचू नका, तो दाताचाच प्रश्न आहे. बाजूच्या एक्सरेत मानेचे मणके दिसतात, त्यांच्या आकारावरूनही वाढ किती उरलीय ते कळतं. पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर ही वाट बहुतेक संपली असं समजा.

इथे ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडं. मूल सात वर्षांचं झालं की एकदा दातांची ठेवण दाखवून घ्या. लगेच क्लिपा लावायच्या असतात म्हणून नव्हे. खालचा जबडा पुढे असेल, वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, अंगठा चोखायची सवय सुटत नसेल किंवा मूल तोंड उघडं ठेवून श्वास घेत, घोरत असेल, तर ते तेव्हाच कळलं पाहिजे. खालचा जबडा पुढे असलेल्या मुलांचे उपचार दहा वर्षांच्या आत सोपे असतात, पंधराव्या वर्षी त्याच मुलाला पुढे जबड्याच्या ऑपरेशनची वाट बघावी लागते. उलट, सात ते अकराच्या मधे वरच्या दोन दातांत फट दिसते, दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात, त्याची काळजी नको. सुळे खाली आले की ती बहुधा मिटते. आणि दुधाची दाढ किडली तर ‘पडणारच आहे’ म्हणून उपटून टाकू नका. तिच्या जागेत मागची दाढ पुढे सरकते आणि तुमच्या मुलीसारखी गर्दी तयार होते. काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी तारेची कडी बसवून घ्या, छोटंसं काम आहे.

सासूबाईंचं म्हणणं आमच्या भागात प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि त्यांना तोडून बोलू नका. वरच्या दातांना संवेदना पुरवणारी नस आणि नजर देणारी नस या पूर्णपणे वेगळ्या. दात काढल्यानं दृष्टी जात नाही. हा समज कशावरून आला असेल? वरचा सुळा किंवा दाढ सडून पू झाला की सूज गालावरून डोळ्याखाली चढते, डोळा मिटून जातो. लोक अशा अवस्थेत शेवटी दात काढायला येत आणि डोळ्याचं खापर काढण्यावर फुटे. तुमच्या मुलीच्या निरोगी उपदाढा काढताना तो धोका नाही. त्याच दमात आणखी एक : ‘उपदाढा काढल्या की जीभ मागे जाऊन श्वास कोंडतो, घोरणं लागतं’ असं हल्ली व्हिडिओंतून सांगतात. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेनं २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून याला पुरावा नसल्याचं सांगितलंय.

आता नवीन काय आलंय, कारण पुष्कळ आलंय आणि त्यातलं काही खरंच उपयोगाचं आहे. साठ-सत्तरच्या दशकापर्यंत प्रत्येक दाताभोवती पोलादाची पूर्ण पट्टी ठोकून बसवत, तोंड म्हणजे लोखंडी दुकान. दाताच्या पृष्ठभागावर सौम्य आम्ल लावून त्यावर चिकटवण्याची युक्ती बुओनोकोरेनं १९५५ मध्ये दाखवली, पुढे तिच्यामुळे पट्ट्या गेल्या आणि छोटे ठोकळे आले. १९७१ च्या सुमारास निकेल-टायटॅनियमची तार आली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू. वाकवा, सोडा, हळूहळू मूळ आकारावर येतो, आणि तेवढ्या वेळात दातावर हलका, सलग दाब ठेवतो. आजच्या क्लिपा पूर्वीइतक्या दुखत नाहीत त्याचं बरंचसं श्रेय या तारेला. तुमच्या मुलीला पहिले काही महिने हीच तार असेल.

माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मिनी-स्क्रू. दीड-दोन मिमी जाडीचा, सात-आठ मिमी लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू, दातांच्या मुळांच्या मधल्या हाडात, हिरडी बधिर करून पाच मिनिटांत बसतो. पूर्वी पुढचे दात मागे ओढायचे तर दाढांना धरून ओढायचे, आणि दाढाच पुढे घसरत यायच्या. चौदा मिमी जागा मिळवायची आणि त्यातली चार-पाच दाढांनीच खायची. स्क्रूला धरून ओढलं की पूर्ण जागा पुढच्या दातांना मिळते. आठ-नऊंतला एखादा सैल होतो, मग दुसऱ्या जागी बसवतात. ऑपरेशनशिवाय भागणार नाही असं जिथे पूर्वी सांगायचो अशा कितीतरी चेहऱ्यांचं आता याच्यावर भागतं. तरुणांच्या अरुंद टाळूला रुंद करणारे स्क्रूही याच घराण्यातले. पुण्याचं क्लिनिक दात न काढता दाढा मागे सरकवणार असेल तर ते बहुधा स्क्रूवरच करणार असेल, विचारून घ्या.

स्कॅनरही खरंच चांगला. गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे तोंडात धरून मुलांना उमासे यायचे, ते गेलं. अडकून बसलेला सुळा मुळांना कुठे घासतोय हे सीबीसीटी स्कॅनमध्ये तिन्ही बाजूंनी दिसतं. पण तो सगळ्यांना नको. साध्या एक्सरेपेक्षा त्यात किरण जास्त असतात, प्रश्न असेल तरच काढावा. तुमच्या मुलीचे सुळे बाहेर दिसतायत, मग त्याची गरज कदाचित पडणारही नाही. एक्सरेवर मोजमापाचे बिंदू शोधायला मला पूर्वी अर्धा तास लागायचा, आता सॉफ्टवेअर काही सेकंदांत शोधतं. तरी मी ते एकेक करून तपासतेच. बिंदू दोन मिमी सरकला तर जबडा ‘पुढे’चा ‘नॉर्मल’ होतो.

अलायनरचं तंत्र १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीनं बाजारात आणलं. स्टॅनफर्डला शिकणाऱ्या दोघांनी ती काढली होती, त्यातल्या झिया चिश्तींनी स्वतः प्रौढ वयात क्लिपा लावल्या होत्या. एकामागून एक पारदर्शक ट्रे, प्रत्येक ट्रे दात साधारण पाव मिमी सरकवणारा, दिवसातले २२ तास घालायचा. थोडी गर्दी, छोट्या फटी, पूर्वी क्लिपा लावून झालेल्यांचे परत सरकलेले दात, यांत अलायनर उत्तम चालतो. स्वच्छता सोपी, फोटोत दिसत नाही, ठोकळा निखळायची भानगड नाही. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवले की दात फिरवण्याची ताकदही आता बरीच वाढलीय.

पण स्क्रीनवरचा तो व्हिडिओ म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेला आदेश आहे, दात तो पाळतीलच असं नाही. अमेरिकेत २००९ मध्ये एका गटानं मोजलं तेव्हा स्क्रीनवर ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात उतरली होती. त्याच गटातल्या मंडळींनी २०२० मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा ५० टक्के. राहिलेल्यासाठी परत स्कॅन, परत नवे ट्रे. उपदाढ काढलेली जागा बंद करताना दात नुसता कलंडून चालत नाही, मुळासकट सरकला पाहिजे. प्लास्टिकचा ट्रे नेमका इथेच कमी पडतो. अनुभवी हातांत तेही होतं, पण तुमच्या मुलीसारख्या ठेवणीत तेरा वर्षांच्या पोरीकडून २२ तासांची शिस्त धरून चालायची आणि वर अवघड हालचाल मागायची, हे मी स्वतः सुचवणार नाही. डब्यासोबत टिश्यूत गुंडाळून ठेवलेला ट्रे शाळेच्या कचराकुंडीत जातो, हे सगळ्या आयांना माहीत आहे. दातांवर चिकटवलेली क्लिप डब्यात राहत नाही.

सहा महिने? दात हलतो तो हाडामुळे. मुळाभोवती पाव मिमीपेक्षाही पातळ पडदा असतो. एका बाजूनं दाब आला की तिथल्या पेशी हाड खातात, दुसऱ्या बाजूच्या पेशी नवं हाड बांधतात. हे काम सरासरी महिन्याला एक मिमीच्या वेगानं चालतं. दाब वाढवला तर पडद्यातला रक्तपुरवठाच थांबतो, दात उलट हलायचा राहतो, आणि मुळं झिजायचा धोका वाढतो. उपदाढेची ७ मिमीची जागा भरायलाच सहा-सात महिने लागतात. त्याआधी दात ओळीत आणायला चार-सहा महिने, नंतर वरचे-खालचे नीट जुळवायला तेवढेच. बेरीज करून बघा, कराडच्या डॉक्टरांचे पावणेदोन वर्षं अगदी रास्त आहेत. तार नवी, ट्रे नवा, सॉफ्टवेअर नवं, हाडाचा वेग तोच आहे.

तो वाढवायचे उपाय विकले जातात. थरथरणारं माउथपीस, लेझर, हाडाला बारीक छेद देणं. थरथरणाऱ्या यंत्राचा वेळ वाचवण्यात ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. छेद दिल्यानं काही महिने वेग वाढतो, पण ते ऑपरेशन आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्याची काय घाई? स्वतः बंद होणाऱ्या झाकणाच्या महागड्या क्लिपाही ‘लवकर होतं’ म्हणून देतात. तुलना करणाऱ्या अभ्यासांत एकूण काळात म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. चांगल्याच असतात, पण त्यासाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक क्लिपा दिसायला बऱ्या, जरा ठिसूळ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथल्या मुलांच्या डागाळलेल्या दातांवर कुठलीच क्लिप नीट चिकटत नाही. तिथे आम्हाला पृष्ठभाग आधी वेगळ्या पद्धतीनं तयार करावा लागतो, आणि तरी त्या निघतातच.

अजून एक सावधगिरी. घरी किट मागवा, स्वतः माप घ्या, कुरिअरनं ट्रे येतील, असा प्रकार आपल्याकडेही चालतो. अमेरिकेत याच धंद्यातली स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, उपचार अर्ध्यावर असलेले लोक तसेच राहिले. एक्सरे न बघता दात हलवणं म्हणजे मुळं किती आहेत, हाड किती आहे हे न बघता हलवणं. समोर बसून कोण बघणार आहे ते विचारा. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त याच विषयाचं एमडीएस केलेला माणूस आराखडा करतोय की दुसऱ्या शहरातला तंत्रज्ञ, हे जाणून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पुण्याच्या क्लिनिकनं एक्सरे न काढताच सहा महिने सांगितले असतील तर माझं मत उघड आहे.

तुमच्या दातांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तीच मला जास्त काळजीची वाटते. चाळिशीत नव्यानं पडलेली फट ही बहुतेक वेळा हिरडीची तक्रार असते. हिरडीखाली कीटण साचून हाड झिजतं, पुढच्या दातांना मागून जीभ ढकलत असते, आधार कमी झाला की ते फाकतात. मिसरी लावायची सवय, तंबाखू, साखर वाढलेली, यातलं काही असेल तर हे वेगानं होतं. आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडून प्रत्येक दाताभोवती मोजणी करून घ्या. दात आणि हिरडी यांच्यातली फट ३ मिमीपर्यंत ठीक, त्यापुढे आजार. खोलवर सफाई, साखर ताब्यात, सवय बंद, आणि हिरडीतून रक्त यायचं थांबल्यावर काही महिन्यांनी मग दात हलवायचे, तेही अगदी हलक्या जोरानं. ‘दात साफ केल्यानं सैल होतात’ हे ऐकून कुणी थांबू नका. कीटण दातांना सिमेंटसारखं धरून ठेवत होतं, ते गेल्यावर मुळातला सैलपणा दिसतो एवढंच. हिरडी निरोगी झाली की तुमच्यासाठी अलायनर ही खरोखर चांगली निवड असेल. नंतर दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवावी लागेल.

ती तार मुलीलाही लागेल. क्लिपा काढल्या की हिरडीतले ताणलेले तंतू दातांना परत जुन्या जागी ओढतात. त्यांना नवी सवय लागायला जवळपास वर्ष जातं, आणि फिरलेले दात तर सगळ्यात हट्टी. पहिलं वर्ष रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी काढता-घालता येणारी प्लेट, बराच वेळ, मग रात्री झोपताना, आणि शक्य तितकी वर्षं. क्लिपा काढल्यावर रिटेनर न घालणाऱ्यांचे दात परत येतात, आणि खापर अक्कलदाढेवर फोडतात. अक्कलदाढ पुढच्या दातांना दाटीवाटी करते याला आधार नाही. ज्यांच्या अक्कलदाढा काढल्यात त्यांचेही खालचे दात वयाबरोबर थोडे दाटतातच. हा रिटेनरचा खर्च आधीच एकूण रकमेत आहे का, हे लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी तो शेवटी वेगळा निघतो.

क्लिपा लावल्यावरचं : नवी तार घातली की दोन-चार दिवस दुखतं, पॅरासिटामॉल चालते. ऊस, मक्याचं कणीस, चिक्की, कडक बुंदीचे लाडू, चकली, फणसपोळीचा चिवट तुकडा हे बंद. सफरचंद, पेरू चिरून. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे निघालेले ठोकळे हातात घेऊन रांग लागते, प्रत्येक निखळलेला ठोकळा म्हणजे काही आठवडे वाया. घासणं दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट घेऊन, आणि ठोकळ्यांच्या मधे जाणारा छोटा ब्रश वेगळा. न घासलेल्या दातांवर ठोकळ्याभोवती पांढरे डाग पडतात, क्लिपा निघाल्यावर त्यांची चौकट राहते.

खर्चाचं म्हणाल तर पुण्या-मुंबईच्या खासगी क्लिनिकांत साध्या क्लिपा हजारांत आणि चांगले अलायनर लाखाच्या घरात, हे सगळ्यांना दिसतंच. तुम्ही कराडकडच्या आहात म्हणून सांगते, कराड, सांगली, कोल्हापूरला दंत महाविद्यालयं आहेत, तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर पुष्कळ कमी असतो. मुंबईला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, तसंच नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात बांबोळी, ही सरकारी ठिकाणं आणखी स्वस्त, मात्र प्रतीक्षायादी लांब आणि महिन्यातून एकदा शाळा बुडवून जायची तयारी हवी. विद्यार्थ्याचं शिक्षण मधेच संपलं तर तुमचं प्रकरण पुढच्या विद्यार्थ्याकडे जातं, ते नीट नोंदवून घ्या.

येत्या सुट्टीत करायचं ते एवढं : मुलीचे दोन एक्सरे काढा, एक सगळ्या दातांचा आडवा आणि एक बाजूनं डोक्याचा. ते दोन्ही आणि दातांचा साचा किंवा स्कॅन यांची प्रत तुमच्याकडे ठेवा, ती तुमची आहे. तिसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, पण आधीच्या दोघांनी काय सांगितलं ते सुरुवातीला सांगू नका. जागेचा आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या, मग कराडच्या आणि पुण्याच्या आकड्याशी ताडून बघा. आणि त्याच दिवशी स्वतःच्या हिरड्यांची वेळही घेऊन टाका.